फळीखालची पेटी

पालथ्या होडीच्या बुडावर मी मुठीनं दोनदा ठोकलं, तसे आमचे मालक माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. होड्यांच्या कारखान्यात चार परके पुरुष होते आणि त्यांच्यादेखत बाईमाणसानं होडी वाजवून बघायची म्हणजे यांची नाचक्की. मी म्हणलं, मडकं घेताना वाजवून घेते, ही तर जिवंत माणसं बसायची वस्तू आहे. रशीद मिस्त्री हसला. म्हणाला, वाजवा वैनी, ॲल्युमिनियम आहे, गंजायचं नाव नाही.

होडी आमची नव्हती, माझ्या दिराची होती. भिवा भावजी म्हणजे मालकांचा धाकटा भाऊ. आम्ही उजनीच्या पाण्यावरचे भोई, करमाळ्याच्या बाजूला काठावर आमची वस्ती. आमच्यात एका होडीत दोनच माणसं असतात, नवरा आणि बायको. नवरा पुढं बसून जाळं सोडतो, जाळं उचलतो. बायको मधल्या फळीवर बसून वल्हं मारते. सकाळी पाण्यात जाताना तीच मारते, भरलं जाळं घेऊन माघारी येताना तीच मारते, आणि वारं तोंडावर आलं तरी तीच मारते. पक्षी बघायला येणारे शहरातले लोक आमचे फोटो काढतात. त्या फोटोत जाळं उचलणारा गडी ऐटीत दिसतो आणि त्याच्यामागं एक पदर दिसतो. तो पदर म्हणजे मी. चौदा वर्षं झाली होती मला त्या फळीवर बसून.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल, एवढं पाण्यात राहणाऱ्या बायका पोहण्यात पटाईत असतील. कसल्या पटाईत! आमची पोरं रांगायच्या वयापासनं पाण्यात पडतात. पोरींना मात्र काठावर बसवायचं. पोरीनं अंग ओलं करून चारचौघांत पोहणं बरं दिसत नाही म्हणे. त्याच पोरीनं लग्न झाल्यावर पन्नास फूट खोल पाण्यावर दिवसभर वल्हं मारलेलं मात्र बरं दिसतं. कुणी काढला हा कायदा, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी धाकटी जाऊ सुला अशीच गेली. भावजींची पहिली बायको. वैशाखातलं वारं होतं. पाण्याखालच्या जुन्या बाभळीला जाळं अडकलं. ते सोडवताना होडी एका अंगावर आली आणि दोघंही पाण्यात पडली. होडी लोखंडी पत्र्याची. आत पाणी शिरल्यावर अशी होडी घागरीसारखी तळाला जाते. भावजी पोहून वर आले. तीन वेळा बुडी मारली, पण हाताला लागली नाही, असं त्यांनी सांगितलं. सगळी वस्ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी बी रडले. तिसऱ्या दिवशी सुला सापडली. तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधी भावजींचं दुसरं लग्न झालं, कारण वल्हं मारायला माणूस पाहिजे. नवी जाऊ सारिका, वय एकोणीस. ती सोलापूरकडच्या कोरड्या गावची. नदी म्हणजे पुलावरनं बघायची, एवढंच तिला ठाऊक.

तर ही नवी होडी त्या सारिकासाठी घ्यायची होती. म्हणजे माझ्या मनात तिच्यासाठी होती. पुरुषांच्या मनात ती जाळ्यासाठी होती, हे मला पुढं कळलं.

सारिका आमच्याबरोबर टेम्पोतनं आली होती, पण तिला कारखान्याबाहेर लिंबाखाली बसवलं होतं. त्याला बी कारण होतं. आमच्यात नवी होडी म्हणजे लेक. पहिल्यांदा पाण्यात जाते म्हणजे ती सासरी निघते. म्हणून घरातली थोरली सवाष्ण आधी तिची ओटी भरते, आणि मगच होडी पाण्याला लावतात. ओटीशिवाय होडी पाण्यात घातलेली आमच्या वस्तीत तरी कुणी बघितलेली नाही. आणि जिनं त्या होडीत वल्हं मारायचं, तिनं ओटीआधी होडीला हात लावायचा नाही. लावला तर होडी तिला ओढून नेते म्हणतात. सुलानं ते पाळलं होतं. नेलंच की होडीनं तिला. पण हे बोलून दाखवलं असतं तर मालकांनी मला तिथनंच बसमध्ये बसवून दिलं असतं.

दोन होड्या तयार होत्या. एक चौदा फुटी, अंगानं निमुळती. दुसरी बारा फुटी, पण बूड रुंद आणि सपाट. भावजींचा डोळा चौदा फुटीवर. लांब असली की पळते म्हणे. मी म्हणलं, पळवणार कोण? हात कुणाचे? वारं आडवं आलं की निमुळती होडी डुलते, रुंद होडी बसून राहते. रशीद मिस्त्रीनं माझीच बाजू घेतली. म्हणाला, धरणाच्या पाण्याला रुंद बूडच बरं, कडेला उभं राहून जाळं ओढलं तरी कलंडत नाही. जाळ्याचं नाव निघाल्यावर भावजींना पटलं. हेच मी सांगत होते तोवर बाईची बडबड होती, मिस्त्रीनं सांगितल्यावर शास्त्र झालं. असू दे. बारा फुटी ठरली.

मग फळ्यांचं माप. मिस्त्री टेप घेऊन आला आणि म्हणाला, वल्ह्याच्या फळीवर बसून दाखवा, म्हणजे पाय टेकवायची पट्टी कुठं बसवायची ते कळेल. वल्हं नुसतं हातानं मारता येत नाही. पाय कशाला तरी रेटावे लागतात, तेव्हा पाठीचं बळ वल्ह्यात उतरतं. मिस्त्रीनं होडी सरळ केली आणि तिच्यात जाऊन बसले कोण, तर भिवा भावजी. सहा फुटाला दोन बोटं कमी असा गडी. पाय लांब केले. मिस्त्रीनं खडूनं खूण केली.

मी म्हणलं, "भावजी, तुमी या फळीवर बसणार हाय का?"

ते म्हणाले, तसं नाही, पण ओटीआधी तिला बसवता येत नाही, मग कुणाचं तरी माप नको का? मालक म्हणाले, मापात काय एवढं, चार बोटं इकडं तिकडं. चार बोटं! सारिका माझ्या खांद्याला लागत होती. मी बाहेर गेले, तिला लिंबाला पाठ टेकवून बसवलं, पाय लांब करायला लावले आणि पिशवीतली सुतळी कमरेपासनं टाचेपर्यंत धरून गाठ मारली. ती सुतळी आणून मिस्त्रीच्या हातात दिली. त्यानं खडूच्या खुणेजवळ धरली तर वीतभर फरक. मिस्त्रीच्या तोंडावर दिसलं की त्याला कळलंय. सुतळी त्यानं खिळ्याला अडकवून ठेवली.

आणि मग निघाली पेटी. मिस्त्रीच म्हणाला की वल्ह्याच्या फळीखाली जागा मोकळी राहते, तिथं दोनपैकी एक करता येतं. एक म्हणजे झाकणाचा खण, त्यात मासळी सावलीला राहते. नाहीतर चारी बाजूंनी वेल्डिंगचा डाग देऊन बंद केलेली हवेची पेटी. होडी पाण्यानं गच्च भरली, उलटली, तरी त्या पेटीच्या जोरावर ती तरंगत राहते, तळाला जात नाही.

मी दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणलं, "पेटी बसवा."

मालक म्हणाले, विचार करू. भावजी म्हणाले, खणच बरा, उन्हाळ्यात चिलापी मासळी दुपारपर्यंत उतरते, व्यापारी घेत नाही. मी म्हणलं, मासळी ओल्या गोणपाटाखाली राहते की, आजपर्यंत राहिलीच आहे. ते म्हणाले, पेटीचा काय उपयोग, होडी काय रोज उलटते? मी म्हणलं, रोज कशाला उलटायला पाहिजे, एकदा बास होतं. भावजी उठून बाहेर गेले आणि तंबाखू मळत बसले. मला वाटलं, बायकोची आठवण निघाली, दुखावला बिचारा. मलाच वाईट वाटलं. मूर्ख मी.

येताना मालकांनी मला आधी टेम्पोत बसवलं आणि स्वतः मिस्त्रीशी बोलायला माघारी गेले. मला म्हणाले, सांगितलंय तुझ्या मनासारखं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. चौदा वर्षं ज्याला होडीत घेऊन वल्हं मारलं, त्याच्यावर नाही तर कुणावर ठेवायचा?

पंधरा दिवसांनी होडी आली. टेम्पोबरोबर मिस्त्री स्वतः आला होता. होडी मोठी देखणी झाली होती, ते मी नाकारत नाही. वस्तीवरची सगळी माणसं घाटावर जमली. भावजींनी नवं धोतर नेसलं होतं. होडी पाण्याच्या कडेला चिखलावर ठेवली, तिला आंब्याचा टाळा बांधला, झेंडूची माळ घातली. मी ताट घेऊन आले. ताटात तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी. सारिका माझ्यामागं दहा पावलांवर, डोक्यावर पदर घेऊन.

ओटी वल्ह्याच्या फळीवर ठेवायची असते. मी वाकले तर फळीला बिजागऱ्या दिसल्या. बंद पेटीला बिजागऱ्या कशाला? मी ताट एका हातावर धरलं आणि फळी उचलली. खाली रिकामा खण. पाणी निथळायला खालून भोकं पाडलेली. आणि पाय रेटायची पट्टी भावजींच्या मापाला.

मी मिस्त्रीकडं बघितलं. त्यानं मालकांकडं बघितलं. मालकांनी पाण्याकडं बघितलं. मला कुणाला विचारायची गरज उरली नाही.

मी ताट होडीबाहेर एका दगडावर ठेवलं, त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणलं, "मी ओटी भरणार न्हाई."

पहिल्यांदा लोकांना वाटलं माझ्या अंगात आलं. एक म्हातारी हळद घेऊन पुढं झाली. मी म्हणलं, अंगात बिंगात काही नाही, मी शुद्धीवर आहे. जोवर फळीखाली बंद पेटी बसत नाही आणि पट्टी सारिकाच्या पायाला लागत नाही, तोवर या होडीची ओटी माझ्या हातानं भरली जाणार नाही.

मग सुरू झालं. मालकांनी आधी समजावलं, मग दरडावलं. एकदा पाण्यात घालू, पुढच्या महिन्यात बसवू पेटी. मी म्हणलं, सुतळी दिली होती ती कुठं आहे? वस्तीतली वडीलधारी माणसं म्हणाली, बाई, शुभकार्यात हट्ट बरा नाही. मी म्हणलं, मयताच्या वेळी केलेला चालेल का? माझी सासू हात जोडून म्हणाली, कौसा, घराची लाज घालवू नको. ती विधवा, म्हणून तिच्या हातची ओटी चालत नव्हती. चालली असती तर तिनं केव्हाच भरली असती. तिचा बी राग आला आणि तिची कीव बी आली.

कुणीतरी म्हणालं, दुसरी सवाष्ण बोलवा. घाटावर वीसेक बायका होत्या, सगळ्या वल्हं मारणाऱ्या. एकेका नवऱ्यानं आपापल्या बायकोकडं बघितलं. एकीला एकदम लेकरू पाजायची आठवण झाली. एक म्हणाली, थोरली जाऊ समोर असताना मी कशी भरू, रीत नाही तशी. रीत! त्या दिवशी पहिल्यांदा रीत आमच्या कामाला आली.

मालकांचा पारा चढला. म्हणाले, एवढीच मस्ती आली असेल तर चालती हो माहेरी.

"माहेर या पाण्याखाली हाय," मी म्हणलं. "तिथं धाडायचं असंल तर तुमची ही होडीच लागंल."

खोटं नव्हतं ते. माझ्या बापाचं गाव धरणात गेलं तेव्हा मी सात वर्षांची होते. इतका वेळ भिवा भावजी होडीच्या टोकाला धरून उभे होते. आता ते तरातरा माझ्यापुढं आले.

"वैनी, तुमी उगं सुलाचं भूत उभं करताय. सुला पेटी नव्हती म्हणून न्हाई मेली."

मी बसूनच विचारलं, "मग कशानं मेली, भावजी?"

हे मी काही डाव म्हणून विचारलं नव्हतं. देवाशपथ सांगते. भांडणात शब्दाला शब्द जातो, तसा तो गेला. पण भावजींचं तोंड पडलं. ते काहीतरी बोलायला गेले. मालक घाईनं म्हणाले, "भिवा, गप. जा घरी." ते का घाई करतायत ते मला कळेना.

भावजी गेले नाहीत. चिखलातच खाली बसले, नव्या धोतरानिशी.

"ती माझ्यापासनं वल्ह्याएवढ्या अंतरावर हुती," ते म्हणाले. "हात वर केला. 'अवो, हात द्या' म्हणली. माझ्या हातात जाळ्याची दोरी हुती. नवं जाळं, तिसराच दिवस. बाभळीतनं सुटत आलं हुतं. मला वाटलं, होडी हाय की तिच्याजवळ. होडीला धरंल."

भावजींनी चिखलाचे हात धोतराला पुसले.

"धरली तिनं होडी," भावजी म्हणाले. "दोन्ही हातांनी धरली. होडी तिला घेऊनच खाली गेली."

रडावं का ओरडावं ते मला सुचेना. वर्षभर या माणसाला मी भाकरी वाढली होती. त्याच्या ताटात जास्तीचं कालवण घातलं होतं, बायको गेली म्हणून. तीन वेळा बुडी मारली म्हणाला होता. मारली असेल. जाळं सोडवून झाल्यावर मारली असेल. आणि आज त्याच्या होडीला पेटी नको होती, कारण फळीखाली पेटी बसली की रोज तिच्याकडं बघून कळणार, की गेल्या वर्षी एवढी एक वस्तू असती तर भागलं असतं. त्यापेक्षा खण बरा. खणात मासळी ठेवता येते.

मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं. वस्तीतल्या सगळ्या माणसांचे चेहरे उतरले होते. यांचा उतरला होता, पण दचकलेला नव्हता.

आणि तेवढ्यात सारिका चालायला लागली. तिला आम्ही सगळे विसरलोच होतो. लग्न होऊन पाच महिने झाले होते आणि वडीलधाऱ्यांपुढं तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. ती माझ्या शेजारनं पुढं गेली, होडीपाशी थांबली आणि होडीच्या काठावर हात ठेवला. ओटीआधी. म्हातारी ओरडली, अगं हात काढ. सारिकानं काढला नाही. पदर खोचला, काठावरनं पाय टाकला आणि आत जाऊन वल्ह्याच्या फळीवर बसली. पाय लांब केले. पट्टी वीतभर पुढं राहिली. सगळ्यांनी बघितलं. तिनं बघितलं. मग ती उठली, फळी ओलांडून पुढं गेली आणि टोकाच्या फळीवर बसली. जाळंवाल्याच्या जागेवर. आमच्या वस्तीत त्या जागेवर बाई बसलेली त्याआधी कुणी बघितली नव्हती.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. "वल्हं तुमी मारायचं. जाळ्याची दोरी माझ्या हातात ऱ्हाईल."

भावजींनी मान वर केली.

"आन् पेटी बसल्याबिगर मी पाण्यात येणार न्हाई."

वडीलधारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गडी वल्हं मारणार? बाई जाळं उचलणार? हसतील लोक. पण त्या वेळी कुणाच्या तोंडाला हसू आलं नाही, आणि हसणाऱ्याचं मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. भावजी उठले. धोतराला चिखल तसाच. मिस्त्रीला म्हणाले, "परत न्या. पेटी बसवा." एवढंच.

मिस्त्रीनं होडी पुन्हा टेम्पोत चढवली. माळ काढायला कुणी थांबलं नाही. आठ दिवसांनी ती बंद पेटी बसवून आली. मी पेटी वाजवून बघितली, डागांवर साबणाचं पाणी टाकून कुठं बुडबुडा येतो का ते बघितलं, आणि मग ओटी भरली. सारिका पुढं बसली, भावजी वल्ह्यावर; पट्टी त्यांच्याच मापाची राहू दिली. पहिले काही महिने दुसऱ्या होड्यांतनं टोमणे यायचे, सारिका पाटलीण चालली म्हणून. ती ऐकून घ्यायची आणि जाळं सोडायची. पुढं वस्तीत आणखी दोन होड्यांत तसंच झालं, आणि बंद पेटी तर सगळ्यांनीच बसवून घेतली. पुरुष सांगतात, ती सुधारणा आम्ही केली. सांगू देत.

भावजींशी मी दोन वर्षं बोलले नाही. नंतर बोलायला लागले, एका घरात किती दिवस धरणार.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, टेम्पो गेल्यानंतरचं. माणसं पांगली. मी ताट उचललं आणि घराकडं निघाले. घाटापासनं आमचं घर पाव मैलावर, चढाचं. मालक मागं मागं आले. थोडं चालल्यावर मी विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"भाऊ हाय माझा," ते म्हणाले.

म्हणजे ठाऊक होतं. वर्षभर रोज सकाळी माझ्या पुढ्यात बसून यांनी जाळं उचललं, आणि ठाऊक होतं. मी मागनं वल्हं मारत होते, सुलाच्या आठवणीनं कधी डोळे पुसत होते, आणि हे ठाऊक असून गप होते. मला वाटलं ताट तिथंच आपटावं. पण ताटात तांदूळ होते, ते सांडायला नको म्हणून धरून राहिले.

"मग मला एक सांगा," मी म्हणलं. "त्या दिवशी पाण्यात मी असते, आन् दोरी तुमच्या हातात असती, तर?"

मी वळून बघितलं नाही. बाभळीचं वळण आलं, हापसा आला. हापशावर बायका होत्या, त्यांनी आम्हाला वाट दिली. शाळा आली, ती सुटलेली होती. चढाला मला दम लागला, तरी मी थांबले नाही. मागं त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. कुंपण आलं, अंगण आलं. मी ताट ओट्यावर ठेवलं, कमरेची किल्ली काढली आणि कुलपाला लावली.

"सोडली असती की दोरी," ते मागनं म्हणाले.